उशीला अकरावा महिना

फाइलीत दत्तकाचा अर्ज होता आणि दार उघडणाऱ्या बाईला सातवा महिना होता.

गोष्ट गोंदियाजवळच्या गोरेगावातली, दत्तकाचं सगळं ऑनलाइन व्हायच्या आधीची. मी गोंदियाच्या एका शिशुगृहात कामाला होते. शिशुगृह म्हणजे सोडून दिलेली किंवा आईनं स्वतः सोपवलेली तान्ही लेकरं सांभाळतात आणि कायद्यानं दत्तक देतात, ते ठिकाण. होम स्टडीला मीच जायची. म्हणजे घर, माणसं, कमाई, स्वभाव पाहून रिपोर्ट लिहायचा. लोकांना वाटतं बाई सोफा पाहायला येते. त्यामुळे त्या दिवशी घरोघरी नवी चादर, बिस्किटं आणि ठेवणीतलं हसू तयार असतं. पोटसुद्धा तयार ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या बाईनं, वर्षानं, दाराला कडी घातली, पदराखालची नाडी सोडली आणि सातवा महिना काढून पलंगावर ठेवला. सावरीच्या कापसाची उशी. तिनंच शिवलेली. पाचव्याची वेगळी होती म्हणे, नवव्याची कपाटात तयार होती. नियोजनात बाई हुशार!

"काऊन वो, हे काय?"

"ताई, अकरा वर्षं झाली लग्नाले. सासूबाईले समजलं, का माह्यानं होत नाही, तर दुसरी सून आनतीन. नवव्या महिन्यात नागपूरच्या दवाखान्यात जातो म्हणून सांगीन, न् लेकरू घेऊन येईन."

तिचा नवरा सिद्धार्थ राईस मिलमध्ये सुपरवायझर. त्यानं डायरी उघडली. "ताई, तुम्ही फक्त तारीख सांगून द्या. आठ-दहा दिवस इकडेतिकडे चालून जाईल."

जसा काही तांदळाचा ट्रकच लागणार होता.

"भाऊ, तारीख मला समजली असती तर मी ज्योतिष सांगत बसले असते. उन्हात एसटीनं कशाला आले असते?"

मग मी त्यांना नेहमीचं सांगितलं. आधी होम स्टडी, मग वेटिंग लिस्ट. तुमच्यापुढं किती जण आहेत आणि बाळ कधी येईल, ते कुणी सांगत नाही. बाळ आलं तरी लगेच देता येत नाही. बालकल्याण समिती आधी त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते, मगच देता येतं. सिद्धार्थनं सगळं लिहून घेतलं आणि खाली 'नववा महिना' असंच ठेवलं.

"आणि लेकराला मोठं झाल्यावर काय सांगाल?"

"त्याले कायले सांगाचं?" दोघं एकदमच म्हणाले. नवरा-बायकोचं एवढं एकमत मी फार घरांत पाहिलं नाही.

ऑफिसात आले तर आमच्या अधीक्षिका मॅडम वाट पाहत होत्या.

"काय लिहिणार, ताई?"

"पाहिलं ते. घर चांगलं, माणसं प्रेमळ, पोट कापसाचं."

"अहो, असं लिहिलं तर अर्ज गेलाच."

"नाही लिहिलं तर लेकरू जाईल. शाळेत कुणीतरी सांगणारच त्याला. मग ते आईचं कुठलंच बोलणं खरं मानायचं नाही."

रिपोर्ट मी थांबवला. वर्षाला निरोप दिला, आधी सासूला सांग, मग मी पुन्हा येते.

तिनं काय करावं? नवव्या महिन्याची उशी बांधली. गावानं हिरवी साडी नेसवून डोहाळजेवण केलं. उशीला काय खावंसं वाटतं, हेही बायकांनी विचारलं असेल.

नववा संपत आला तेव्हा सिद्धार्थ धावत गोंदियाला आला. शिशुगृहात एक बाळ आल्याचं त्याला कुठून तरी कळलं होतं. "तेच देऊन द्या ना, ताई!"

"त्याची आई अजून विचार करते आहे. बाळ सोपवल्यावर मन बदलायला तिला दोन महिने मिळतात."

तो खिन्न होऊन गेला. आठवड्यानं ती आई खरंच आली आणि आपलं लेकरू घेऊन गेली. दिलं असतं तर कुणाच्या कुशीतून काढून घेतलं असतं, सांगा.

दहावा लागला. गाव म्हणे, दिवस मोजायला चुकली. अकरावा लागला. गाव म्हणे, हत्तीण आहे का?

निरोपाचं उत्तर येईना म्हणून मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा अंगणात दोरीवर उशी वाळत होती, नाड्यांसकट. खाली वर्षाची सासू लाखोरीची डाळ निवडत होती.

"ये वो बाई. तुमचं लेकरू कधी येऊन राहिलं?"

"कोणतं लेकरू, आजी?"

"बस कर वो. चार पैदा केले मी. पोट सकाळी डावीकडं न् सांजी उजवीकडं असते का कोनाचं? न् शिशुगृहाची बाई घरी कायले येते, तेबी समजते मले."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मले सांगते का म्हून वाट पाहून राहिली होती. पन सांगेच ना! शेवटी घामाचा वास येऊ लागला, टाकली धुऊन."

दारामागून वर्षा हळूच म्हणाली, "न् दुसरी सून?"

"हे एकच सांभाळता सांभाळता जीव गेला माह्या, दुसरी कायले आनू?"

तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून डोकावली. "काय वो माय, काय झालं सुनेले?"

"उशी झाली. लेकरू गोंदियाहून येऊन राहिलं."

झालं! अकरा महिने जपलेलं गुपित अर्ध्या मिनिटात गावभर गेलं आणि कुणाचं छप्पर उडालं नाही. चार दिवस बायका हसल्या, मग धानाची रोवणी आली आणि विसरल्या. उशीसकट सगळं खरं लिहून, शेवटी सासूचं बोलणं जोडून, मी रिपोर्ट दिला. तो पास झाला. पुढं वर्षभर वाट पाहून त्यांना मुलगी मिळाली. आधी सांभाळायला, मग कोर्टाच्या ऑर्डरनं कायमची.

ती चार वर्षांची असताना मी गेले होते. उशी ओढत आली आणि म्हणाली, "हे आईच्या पोटातली आहे. मी गोंदियाची आहो."

तेव्हा दत्तक घेणाऱ्यांनो, कागद जमवा, धीर धरा, लेकराला पहिल्यापासून खरं सांगा. उशी शिवू नका. शिवायचीच असेल तर चांगल्या कापसाची शिवा, पुढं लेकराच्या डोक्याखाली जाते.