भागीचे फासे

मी धुळ्याला होतो. शाळेच्या कमिटीची बैठक नुकतीच उठली होती आणि कुणीतरी चहा सांगितला होता. दारात माझा पुतण्या भिका उभा दिसला. तिशीतला, दोन लेकरांचा बाप. सोनगीरकडून सायकल मारत आला होता, सदरा पाठीला चिकटला होता. "काका, काकूले बरं नही. चाला," एवढंच म्हणाला आणि सायकलच्या घंटीवर उगाच बोट फिरवत राहिला. वर पाहीना. आमच्याकडे 'बरं नाही' हे शब्द दोन तऱ्हांनी बोलतात. त्यानं कुठल्या तऱ्हेनं बोलले ते मला समजलं... चहा तसाच राहिला. घरी पोचलो तेव्हा बायकांनी माझ्या भागीला आंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. तीन दिवस ताप होता म्हणे. मला कळवायचं नाही असं तिनंच बजावलं होतं. "त्यासनं काम चालू शे," म्हणाली होती.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. देशसेवकाच्या सहधर्मचारिणी, पतीच्या कारावासात धीरानं संसार सांभाळणाऱ्या साध्वी. एकही शब्द खोटा नाही, आणि भागी मात्र त्यात कुठे नाही. संसार सांभाळला म्हणजे नेमकं काय केलं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं, आणि मी ते आजवर कुणाला सांगितलं नाही. तिच्या जाण्याला आज सहा आठवडे झाले. आता सांगितलं पाहिजे.

भागी तेराव्या वर्षी आमच्या घरात आली. सोनगीरच्या किल्ल्यापासून दीड कोसावर आमचं गाव, गावाला लागून काटेरी झुडपांची उघडी टेकडी. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी नोकरीचा राजीनामा दिला, खादी अंगावर घातली आणि घरी तकली आणली. भागीला मीच सूत काढायला शिकवलं. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ. आठ दिवसांत माझ्याहून बारीक सूत काढू लागली. स्वावलंबन, स्वावलंबन असं मी दिवसभर म्हणत असे आणि ती ऐकत असे. मग मला अटक झाली. घरात ती, सात वर्षांची यमुना आणि अडीच वर्षांची सखू. माझ्या वाट्याचं कोरडवाहू शेत थोरले भाऊ पाहत. सरकारी माणसं घरावर नजर ठेवून आहेत म्हटल्यावर ते भ्याले. त्या हंगामात त्यांच्याकडून ज्वारीचा दाणा आला नाही, आणि भागी मागायला गेली नाही.

ती भेटीला धुळ्याच्या तुरुंगात दोनदा आली. जाळीपलीकडे दोन्ही पोरी उभ्या. मी डोळे भरून पाहिलं, त्यांचे गाल वर आले होते. सखू तर चांगली बाळसेदार दिसत होती. "कसं चालवतेस?" मी विचारलं. "चालस," ती म्हणाली. मी बराकीत येऊन सगळ्यांना सांगितलं, माझी बायको सूत विकून दोन मुली पोसते आहे, याला म्हणतात स्वावलंबन! त्या रात्री मला अभिमानानं झोप लागली नाही. आज ती आठवण आली की तोंड लपवावंसं वाटतं.

सुताला पहिल्या दोन महिन्यांनंतर गिऱ्हाईकच राहिलं नव्हतं. खरी हकीकत वेगळी होती. झिपरी नावाची भिल्लीण आमच्या गल्लीत जळणाच्या मोळ्या विकायला येई. एके दिवशी तिनं पाहिलं, भागी पोरींना अंबाडीची भाजी नुसती पाण्यात उकडून देते आहे, बरोबर भाकर नाही. झिपरी मोळी टाकून ओट्याखाली बसली. "बाय, डोंगर बठ्ठासना शे," म्हणाली, म्हणजे सगळ्यांचा, "चाल मनासंगे." दुसऱ्या दिवशी पहाटे भागी तिच्याबरोबर टेकडीवर गेली. कुणब्याची सून भिल्लिणीमागे शिकार धरायला जाते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आग्रा रोडवर रहीमचाचा नावाचे एक नालबंद बसत. टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकताना शेपटीचे केस झडत, ते त्यांनी भागीला द्यायला सुरुवात केली. काय करणार म्हणून कधी विचारलं नाही. ती ते केस तीन-तीन घेऊन मांडीवर पिळत असे. सुताला पीळ कसा द्यायचा ते मी शिकवलं होतं. त्याच हातानं ती फासे वळू लागली. झुडपांच्या मधल्या फटी काट्यांनी बुजवायच्या, एकेक वाट मोकळी ठेवायची, तिथं दोरीला बांधलेला फासा उभा करायचा. तितर पायी चालणारा पक्षी, तो वाटेनंच जातो. सशासाठी झिपरीकडचं जुनं जाळं होतं. झिपरीचे नियम कडक. एका जागी लागोपाठ दोन दिवस फासा लावायचा नाही. मागं पिलं असलेली मादी सापडली तर सोडायची. अंडी घालायच्या दिवसांत फासे काढून घरी ठेवायचे. आणि उजाडण्याच्या आत टेकडीवर पोचायचं, कारण अडकलेला जीव तडफडत ठेवणं हे पाप. हे सगळं मला फार पुढे झिपरीनं सांगितलं. त्या वेळी मी विचारलं असतं, तर भागीनंच सांगितलं असतं.

माझी सुटका झाली ती ठरल्या दिवसाच्या आधी. तरी कुणाकडून तरी तिला कळलं असावं. भर दुपारी मी घराशी आलो तर यमुना अंगणातूनच ओरडत धावली, "आबा, आबा, आज तितर शे! माय नी तुमनाकरता रांधं!" सखू माझ्या पायाला बिलगली. आत चुलीवर मडकं, घरभर लसूण-मिरचीचा वास. मी दारातच थांबलो.

"हे कुठून आलं?"

"डोंगरवरथून," भागी म्हणाली. हसत होती. "मी धरं."

"तू? जीव मारलास?"

तिचं हसू हळूहळू गेलं. "दोन पोरीसले जगाडं," ती म्हणाली.

"सूत कातायला शिकवलं होतं ना तुला? सूत विकून खायचं."

"गिऱ्हाईक व्हतं तवलगून विकं. मंग काय पोरीसले सूत खावाडू?"

मी तुरुंगात वर्षभर अहिंसेवर बोललो होतो. लोक मान डोलवत. माझ्या घरात मला उत्तर मिळालं आणि ते मला सोसलं नाही. मी मडकं उचललं, बाहेर नेलं आणि उकिरड्यावर पालथं केलं. यमुना रडली नाही, नुसती पाहत उभी राहिली. ते पाहणं अजून माझ्यापुढे आहे... एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी भागीला हाताला धरून बसवलं, सखूला तिच्यापुढे उभं केलं आणि म्हणालो, "हिच्या डोक्यावर हात ठेव. पुन्हा फासा लावणार नाही आणि रानातला जीव या घरात येऊ देणार नाही, असं म्हण." भागीनं माझ्याकडे पाहिलं. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली. फासे तिनं झिपरीला देऊन टाकले.

अकरा वर्षं तिनं शब्द पाळला. यमुनाचं लग्न एरंडोलकडे झालं. मी शिकवण्या करत होतो, खादीचा प्रचार करत होतो, गावोगाव भाषणं देत होतो; घर कसंबसं चालत होतं. बेचाळीस साली मला पुन्हा नेलं. निघताना भागी उंबऱ्यावर आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "या टाईमले काय करू, ते सांगी जा." तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं नाही असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. कळलं होतं. शपथ सोडवून घेणं माझ्या हातात होतं, एका शब्दाचं काम होतं. बाहेर लोक जमले होते, घोषणा देत होते. मी म्हणालो, "देव आहे."

लढाईचे दिवस. ज्वारी मिळेना, मिळाली तर किडकी. घरात एक म्हैस होती, तीही आधीच गेली होती. त्या हिवाळ्यात सखूला मुदतीचा ताप आला. पंधरा वर्षांची झाली होती, तिचं लग्न बघायचं चाललं होतं. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण पोर उठून बसेना. सोनगीरच्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, ताप गेला, आता अंगात काही राहिलं नाही. दूध द्या, रस्सा द्या, कसदार काहीतरी पोटात जाऊ द्या. झिपरीला कळलं तशी ती दुसऱ्याच दिवशी पदराखाली दोन तितरं घेऊन आली. जिवंत होती, पाय बांधलेली. "बाय, रांध. पोरले पाज," म्हणाली.

भागी दारात उभी. तिनं ती हातात घेतली. झिपरी सांगते, बराच वेळ नुसती धरून उभी होती. मग परत झिपरीच्या ओटीत ठेवली. "तिना डोकावर हात ठेईसन सांगेल शे," ती म्हणाली. "मोडू, आनि पोरले काही व्हयनं तर?"

झिपरी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. भागीनं घेतलं नाही. नवव्या दिवशी सखू गेली.

मला तुरुंगात पत्र मिळालं ते गावच्या तलाठ्याच्या अक्षरातलं. तापानं गेली, एवढंच त्यात होतं. सुटून आल्यावर महिनाभर भागी रोजची कामं करत राहिली. मला सांगितलं ते झिपरीनं, वाटेत अडवून. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. "मास्तर, तुमनी शपथ बहु पक्की निंघनी," एवढंच म्हणाली आणि मोळी उचलून गेली. मी धावत घरी आलो. भागी जात्याशी बसली होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो. "अगं, मोडायची होतीस!" मी म्हणालो. "माझी शपथ कसली पाळत बसलीस? मोडायची होतीस!"

तिनं जातं थांबवलं. "मोडी नही," ती म्हणाली, "तरी गयी."

पुन्हा घरघर सुरू झाली. तिच्या तोंडून आयुष्यात मला एवढाच ठपका मिळाला, आणि तोही ठपका नव्हता. खरोखर तिला तो हिशेब लागत नव्हता. मोडली असती आणि पोर गेली असती तर तिनं स्वतःला दोष दिला असता. पाळली आणि गेली, तेव्हा दोष द्यायला तिला कुणी सापडेना. मी समोर बसलो होतो, पण माझ्याकडे तिचं बोट वळलं नाही.

त्यानंतर मी एकदा वेड्यासारखं वागलो. झिपरीकडून एक फासा मागून आणला आणि पहाटे टेकडीवर गेलो. काय करायचं होतं मला? प्रायश्चित्त म्हणा, किंवा ती त्या वर्षी टेकडीवर काय करत होती ते हातांना कळावं म्हणून म्हणा. झुडपांमधली एक वाट बघून फासा बांधला, तो घसरला, पुन्हा बांधला. मागं पावलं वाजली. भागी आली होती. खाली बसली, माझा फासा सोडला, जमिनीपासून चार बोटं मोजून नेमका उभा केला. तितराची मान तिथं येते. किती सहज केलं! मधली वर्षं जणू गेलीच नव्हती. मग तिनं त्या फाशाकडे पाहिलं, गाठ सोडली आणि गुंडाळून माझ्या मुठीत ठेवला. "आते कोनाकरता?" म्हणाली. आम्ही दोघं खाली उतरलो. उजाडत होतं, पलीकडच्या उतारावर तितरं ओरडत होती. तिनं तिकडे मान वळवली नाही.

यंदा स्वराज्य आलं. गावात मला हार घातला, माझ्या त्यागावर दोघे बोलले, स्वावलंबनाचा उल्लेख झाला. भागी मागं बायकांत बसली होती. मला उठून सांगावंसं वाटलं, की या गावात स्वावलंबन जाणणारी एकच बाई आहे आणि तिचे हात मी बांधले. उठलो नाही. हार गळ्यात जड होता... दोन महिन्यांत ती गेली.

तिची एक सवय होती. घराबाहेर पडणाऱ्या कुणालाही ती विचारी, "पोट भरनं का?" पाहुण्याला, पोस्टमनला, मोळी टाकून निघालेल्या झिपरीला. बेचाळीस साली मला न्यायला आलेल्या शिपायांनाही तिनं विचारलं होतं, त्यातला एक तरुण होता, तो ओशाळून "हो माय" म्हणाला होता. तेरावा झाल्यावर यमुना आपल्या घरी निघाली. बैलगाडी दाराशी लागली. जावयांनी बोचकं ठेवलं, ती चढून बसली, पदर सावरला, आणि गाडी हलणार तेवढ्यात वळून मला म्हणाली, "आबा, पोट भरनं का?"

आवाज तिच्या आईचा होता. तिला कळलंही नसेल. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"भरनं, बेटा," मी म्हणालो.