तात्यांची जीप कालव्यापाशी

माझं तोंड फाटकं आहे, हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आता सांगायचीही लाज वाटते.

बारामतीत आमचं घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत. कॉलेज भरलं की पोरं वाट्टेल तिथं मोटारसायकली लावून पसार. फाटक उघडायचं तर आधी परक्या गाड्या ढकला. एकदा सासूबाईंना दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली, ती दारापर्यंत पोचलीच नाही. त्यांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून नेलं. त्या दिवशी मी कंबर कसली. नगरपालिकेत खेटे घातले, साहेबांचं डोकं खाल्लं, आणि शेवटी रहिवाशांच्या गाड्यांना निळे स्टिकर मिळाले. कॉलेजच्या वेळेत बिनस्टिकरची गाडी आत घ्यायची नाही. गल्लीच्या तोंडाला साखळी लावली आणि राखणीला पणदऱ्याचे एक मामा ठेवले.

नियम ठरवायच्या बैठकीत समोरचे चाचा म्हणाले, "पाहुण्यांसाठी एखादा पास ठेवू या. म्हातारी माणसं येतात, लांबून येतात." चाचांचं कापडाचं दुकान, माणूस अगदी मवाळ. मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही.

"आज एक पाहुणा, उद्या अख्खं कॉलेज आपलं पाहुणं होईल, चाचा! नियम म्हणजे नियम. माझा बाप आला तरी गाडी बाहेर लावायची!"

टाळ्या पडल्या. दाराशी उभ्या मामांकडं वळून मी वर म्हटलं, "ऐकलंत ना मामा?" मामांनी मान डोलावली. असं तर सगळेच बोलतात. बोलताना खरा बाप कुणाला आठवतो?

माझा बाप म्हणजे तात्या. इंदापूर तालुक्यातल्या कळंबला असतात. सत्तरी ओलांडली, गुडघे कधीच गेलेत, पण जीप अजून स्वतः चालवतात. मळणी झाली की नव्या ज्वारीचं पहिलं पोतं माझ्या दारात येणार. आई गेली त्या वर्षीही ते चुकलं नाही. दारात हॉर्न वाजला की सासूबाई म्हणायच्या, "आलं बघ तुझं माहेर."

त्या वर्षी हॉर्न वाजला नाही. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गल्लीतून एक म्हातारा खांद्यावर पोतं घेऊन येत होता. थोडं चालायचा की कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीला पोतं टेकवून उभा राहायचा. मी मनात म्हटलं, कुणाचा बाई हा बाप, ह्या वयात ओझी वाहायला लावलीत! तेवढ्यात त्यानं वर पाहिलं. मी कपडे तसेच टाकून खाली पळाले.

"अवो तात्या, जीप कुठंय?"

"लावलीय कालव्यापाशी. झाड हाय, सावली हाय. म्हटलं, जरा पाय मोकळं करावं." घामानं सदरा अंगाला चिकटला होता. पोतं अर्धंच होतं. "ऱ्हायलेलं दुसऱ्या खेपंला आणतो."

"काहीतरीच तुमचं! राखणदाराला सांगायचं नाही का, मी कोण म्हणून?" मी त्यांच्यावरच डाफरले. ते पाणी प्यायले आणि ओंजळीत ज्वारी घेऊन म्हणाले, "दाणा बघ, कसा टपोरा हाय."

मी तणतणत मामांकडं गेले. "मामा, माणूस ओळखता येत नाही तुम्हाला?"

मामा चक्क हसले. बिचाऱ्यांना वाटलं, मी शाबासकी द्यायला आले. "ओळखलं की ताई! लेकीकडं आलोय म्हणालं. मी म्हटलं, आबा, माझी काय ना न्हाय, पर ताईंनीच समद्यांम्होरं सांगितलंय, माझा बाप आला तरी सोडायचं न्हाय."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणालं, असं बोलली व्हय? मग नगं सोडू. आन् जीप मागं घेतली."

काय लाज वाटली म्हणून सांगू! माझं बोलणं त्यांनी माझ्याच गल्लीच्या तोंडाशी परक्या माणसाकडून ऐकलं, आणि घरात येऊन चकार शब्द काढला नाही. मामांवर ओरडायलाही मला तोंड नव्हतं. उरलेली ज्वारी मामांनीच आणून टाकली. तात्या जेवत होते तेव्हा मी भाकरी थापायच्या निमित्तानं त्यांच्याकडं पाठ करून बसले.

पुढच्या बैठकीआधी मी चाचांच्या घरी गेले. "चाचा, तो तुमचा पास मांडायचाय. चुकलं माझं." त्यांनी टोमणा मारला असता तरी मी मुकाट ऐकला असता. ते म्हणाले, "तुम्हीच मांडा ताई. तुमचं ऐकतात लोक." बैठकीत मी उभी राहिले. "माझा बाप आला होता," एवढंच म्हणाले. मामांनी खाली पाहिलं. पास मंजूर झाला: प्रत्येक घराला पाहुण्यांसाठी एक पिवळा पास, त्या गाडीची जबाबदारी घरानं घ्यायची.

आमचा पास घेऊन मी एसटीनं कळंबला गेले. तात्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला, "झ्याक झालं" म्हणाले आणि जीपच्या काचेमागं ठेवला. माझा जीव भांड्यात पडला.

यंदा मळणी झाली तेव्हा मी सकाळपासून गॅलरीत होते. हॉर्न वाजला नाही. तात्या चालत आले, खांद्यावर अर्धं पोतं.

"तात्या, पास होता ना!"

"हाय की, काचेला. मामा साखळी काढत व्हते, मीच नगं म्हणालो." त्यांनी पायरीवर बसून दम घेतला. "चार माणसांत शब्द दिला व्हतास तू. बापापायी मोडला, असं कुणी म्हणाया नगं."

"अवो, नियमच बदललाय आता!"

"बदलू दे. मला ती सावली बरी वाटती."

मी चपला घातल्या आणि उरलेली ज्वारी आणायला त्यांच्याबरोबर निघाले. सगळी गल्ली बघत होती, बघू दे म्हटलं. कालव्यापाशी जीप उन्हात तापत उभी होती, काचेमागं पिवळा पास. मी इकडंतिकडं पाहिलं. तिथं झाड नव्हतंच.