कुशची राणी, तालुका राळेगाव

“पाय जोरानं ठेवा, सर. पायरी पक्की आहे.”

शिक्षकखोलीच्या दारात उभ्या राहून आमच्या इतिहासाच्या मॅडम एका साली पोळ्यानंतर हे रोज म्हणायला लागल्या. मलाच नाही, मुख्याध्यापकांना, शिपायाला, खिचडीच्या तांदळाचं पोतं आणणाऱ्यालासुद्धा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवाज बारीक, पण अख्खी शाळा त्या आवाजाच्या धाकात.

लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागून त्यांचा डावा डोळा गेला होता. कुणी हळहळलं तर म्हणत, “दुसरा आहे ना. तो पुरते.”

मी गणित शिकवायचो. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्या साली त्यांचं मागच्या हंगामाचं सोयाबीन घरात मावेना, म्हणून पोती नववीच्या वर्गात लागली आणि नववी व्हरांड्यात आली. पावसाची झड आली की पोरी दप्तरं डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटायच्या. मॅडम विनंती करायला गेल्या, तर भाऊसाहेब म्हणाले, भाव वाढला की उचलतो. भाव काही वाढेना.

त्याच दिवसांत भाऊसाहेबांनी शाळेच्या फाटकाशी स्वतःचाच अर्धपुतळा बसवला. फायबरचा, वरून तांब्याचा रंग. खांदे वेगळे, डोकं वेगळं, मध्ये बोल्ट. पोरं आधी पुतळ्याला नमस्कार करायची आणि मग शेजारी उभ्या असलेल्या भाऊसाहेबांना. कोणता नमस्कार त्यांना जास्त आवडायचा, हे मला कधी कळलं नाही.

मॅडमनी मात्र व्हरांड्यात पुस्तकाबाहेरचा एक धडा घेतला. इजिप्तच्या दक्षिणेला कुश नावाचं राज्य होतं. तिथल्या राणीला कंदाके म्हणत. त्यातली एक कंदाके एका डोळ्यानं आंधळी, तरी लढाईत पुढे. रोमच्या ऑगस्टस बादशहानं इजिप्त घेतला, तेव्हा तिच्या फौजेनं सरहद्दीवरचे त्याचे पुतळे उखडून आणले. त्यातल्या एकाचं डोकं मंदिराच्या पायरीखाली गाडलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडावा म्हणून.

पोळ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो, तर पुतळ्याला डोकं नव्हतं.

पोलीस आले. जमादार पंचनामा लिहायला बसला आणि अडला. मुंडकं कोणाचं, त्यानं विचारलं. माझंच, भाऊसाहेब म्हणाले. जमादारानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शेवटी लिहिलं, ‘फिर्यादी हयात असून त्यांचे मुंडके चोरीस गेले आहे.’

शोध सुरू झाला. विहिरीत गळ टाकला, भंगारवाल्याची गाडी उलटीपालटी केली. भाऊसाहेब रोज शाळेत येऊन चौकशी करायचे, आणि मॅडम दारात येऊन अदबीनं म्हणायच्या, “या भाऊसाहेब. पायरी पक्की आहे.”

आमच्या पायरीची फरशी कित्येक वर्षं डुगडुगत होती. आता ती डुगडुगत नाही, हे एक दिवस माझ्या लक्षात आलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोळा मिचकावला की नुसती पापणी लवली, हे एकाच डोळ्यावरून सांगणं कठीण. मी आत जाऊन वह्या तपासायला लागलो.

शेवटी कुणीतरी धड्याची चुगली केली. भाऊसाहेब तरातरा आले आणि पायरीवर उभे राहूनच व्हरांड्यातल्या एका पोरीला म्हणाले, मॅडमनं काय शिकवलं ते सांग. पोरगी हुशार. तिनं हात बांधून राणी, बादशहा, डोकं, पायरी असं सगळं घडाघडा म्हटलं.

भाऊसाहेबांनी हळूच खाली पाहिलं. सगळ्या शाळेनं खाली पाहिलं. फरशी उचलावी, तर आपण इतके दिवस स्वतःच्याच डोक्यावर उभे होतो हे गावभर होणार. न उचलावी, तर उद्या परत त्याच डोक्यावर पाय देऊन यायचंच.

“मंग रोमनं काय केलं?” त्यांनी पोरीला विचारलं.

“राणीनं वकील पाठवले. बादशहानं तह केला आन् तिचं सारं मान्य केलं.”

भाऊसाहेब पायरीवरून उतरले. जमादाराला त्यांनी निरोप धाडला, की मुंडक्याबद्दल आपली काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला, पोती गेली, नववी वर्गात बसली. फरशीला कुणी हात लावला नाही.

निवृत्तीनंतर मॅडम उमरखेडला लेकीकडे राहायला गेल्या. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलतो. दरम्यान मी कुशबद्दल थोडं वाचलं होतं. म्हटलं, मॅडम, तहाच्या आधी रोमनं राणीचं नापाता शहर जाळलं, माणसं गुलाम करून नेली. तुम्ही ते पोरांना सांगितलंच नाही.



“पोरी पावसात भिजून राह्यल्या होत्या, सर,” त्या म्हणाल्या. “तितकं कायले सांगू?”

नको नको म्हणताना त्या मला पोचवायला बसस्टँडवर आल्या. उरलेल्या डोळ्यालाही आता अंधुकच दिसत होतं, पण ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी यवतमाळच्या गाडीत बसलो. पलीकडे पुसदची गाडी लागली होती. मॅडम तिच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि खिडकीकडे पाहून हात हलवू लागल्या. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात त्या खिडकीतल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानं मनापासून हात हलवला, आणि मॅडम हसल्या.

मी हाक मारली नाही. उन्हाळ्यात त्या गेल्याचा लेकीचा फोन आला.