कढीपत्त्याच्या बुडाशी लोहाच्या गोळ्या

सकाळचे सात चाळीस. राणीसावरगावात चतुराबाईंच्या अंगणात आशा कार्यकर्ती सत्यशीला खंदारे कढीपत्त्याच्या बुडाशी काडीने माती उकरत होती. मातीतून लाल गोळ्या निघत होत्या, काही अर्ध्या विरघळलेल्या. लोहाच्या. तिनेच आणून दिलेल्या, चतुराबाईंच्या सुनेसाठी. सून वैष्णवी सात महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन साडेआठ.

"मावशी, काय करायलाव हे?"

"झाडाला लोखंड मानवतं माय. फेकून कशाला द्यायचं?"

"अन् सुनेला?"

"तिला काय कॅन्सर करू?"

कॅन्सर मुलाच्या, योगीराजच्या मोबाइलवरून घरात आला होता. लोहाच्या गोळ्यांनी आतड्याचा कर्करोग होतो, अशी बातमी कुणीतरी पाठवली. त्याच आठवड्यात वैष्णवीला काळी संडास व्हायला लागली आणि घराने निदान करून टाकले. गोळीने असे होतेच, हे सत्यशीलाने पहिल्या दिवशी सांगितले होते. तेव्हा सून लाजून आत गेली होती आणि सासू चहा गाळत होती.

ही बातमी गावभर फिरत होती, म्हणून सत्यशीलाने ती आधीच आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवली होती. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. प्रयोग माणसांवर नव्हता, प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर होता. तोही लोहाच्या दोन प्रकारांचा, आणि सरकारी गोळीतले लोह त्यांतले नव्हते. "एवढ्या कमी रक्तावर बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर बाई हातची जाईल," एवढे बोलून त्यांनी पुढचा रुग्ण बोलावला.

अंगणात तिने हेच सांगितले. योगीराज ऐकताना मोबाइल चाळत होता.

"पण ताई, छापून आलंय ना."

"तुझ्या तंबाखूच्या पुडीवरबी छापून आलंय. वाचलंस का कधी?"

योगीराजने मोबाइल खिशात घातला. चतुराबाई हटल्या नाहीत.

"एकदाचं बाळंतपण होऊ द्या, मग बघू गोळ्याचं."

"मग बघायला सून पायजे ना, मावशी!"

आतून वैष्णवी पाण्याचा गिलास घेऊन आली. "द्या ताई इकडं," म्हणाली आणि सत्यशीलाने पिशवीतून काढून दिलेली गोळी सासूकडे न बघता गिळली. चतुराबाईंनी तिच्यापुढे चहाची कपबशी सरकवली.

सत्यशीलाने कपाळाला हात लावला. "चहा नगं! चहानं गोळी अंगी लागत न्हाई. तासाभरानं द्या."

"आता चहाबी बंद?"

गोळ्यांचे पाकीट सत्यशीला आता या घरी ठेवत नाही. उद्या लसीकरणाचा दिवस आहे; त्याआधी, सकाळी आठला, ती वैष्णवीची गोळी घेऊन येईल आणि गिळेपर्यंत उभी राहील.