जत्रेतली कलेजी

माझा स्वभाव तापट, आणि सांगलीच्या प्रयोगशाळेत काम पडलं सगळं सबुरीचं. बकऱ्याची कलेजी घ्यायची, तिच्या मोठ्या शिरेत नळी बसवायची आणि साबणासारखं पाणी सोडत राहायचं. आतल्या पेशी धुऊन निघतात, मागं पांढरा सांगाडा उरतो. पुढं त्यात माणसाच्या पेशी रुजवायच्या, म्हणून त्याच्या रक्तवाहिन्या शाबूत हव्यात. मी मात्र घाईनं पंपाचा जोर वाढवायचे आणि वाहिन्या फाटायच्या. शेवटी माझ्या पीएचडीच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "आता गळती झाली तर विषय बदल." मला असा राग आला! विषय माझ्या जिवाचा होता.

कुंडलला, मामाच्या गावी, जत्रा होती. खाटीक शीर मुळाशीच छाटतात; लांब शिरेची ताजी कलेजी दुसरीकडं कुठं मिळणार? मामाला फोन करून बजावलं, "कलेजी कापू नका, शीर लांब ठेवा." पोचले तर मामीनं ती शीर छाटून, हळद-मीठ चोळून, ताटात सजवून ठेवलेली!

"आवं मामी, हे काय केलंत?"

"आगं, लेकीला रक्ताळलेलं कसं द्यायचं?" मामी कौतुकानं म्हणाली. मी डोक्याला हात लावला.

मामा तसाच उठला आणि भावकीत गेला. तिथं बकरं नुकतंच कापलं होतं. जत्रेत कलेजीवर घरच्या म्हाताऱ्यांचा मान. ती मागायची म्हणजे केवढी पंचाईत! "काय रं गड्या, तुझ्या घरात शिजलं न्हाई व्हय?" म्हणत सगळे हसले. पण त्या घरातल्या आजोबांनी आपला मान सोडला आणि लांब शिरेसकट अख्खी कलेजी बर्फात घालून दिली.

या वेळी पंप अगदी हळू ठेवला. मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत बसून राहिले. कलेजी पांढरीशुभ्र झाली. मग शिरेतून लाल रंग सोडला. तो फांदीफांदीतून पार टोकापर्यंत गेला, बाहेर टिपूसभरही नाही! मी तिथंच नाचले. मॅडमही हसल्या, म्हणाल्या, "राहिला तुझा विषय."

मामाला व्हिडिओ कॉल केला. फोनमध्ये सगळी भावकी दाटीवाटीनं घुसली. "आमच्या बकऱ्याची हाय ती!" आजोबा ओरडले. मग जवळ येऊन त्यांनी विचारलं, "लय झ्याक. आता हिच्यात जीव कवा भरतीस?"

मला रडूच फुटलं.

"भरीन, आजोबा," मी म्हणाले.