बाबांच्या पिझ्झ्यावर काय घालायचं

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी पिझ्झा असतो. मागवलेला नाही, घरी केलेला. दुपारी मी पीठ भिजवते, ते फुगून येईपर्यंत कपडे वाळत घालते आणि वर काय घालायचं यावरून लेकीशी भांडते. तिला मका आणि चीज सोडून जगात दुसरं काही दिसत नाही. मला तेच तेच करायचा कंटाळा. शेपू घातलाय मी पिझ्झ्यावर. सुरणही घातलाय, आणि चांगला लागला होता, कुणी काहीही म्हणो. नवऱ्याचं काही नसतं. त्याच्या ताटात पायपुसणं भाजून वाढलं तरी मोबाइलमधून मान वर न करता 'मस्त झालंय' म्हणेल.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या आणि महिन्याभरात सासरे कल्याणचं घर बंद करून आमच्याकडे, वर्तकनगरला राहायला आले. त्यांना मी बाबा म्हणते. माणूस मूळचा देशावरचा, भाकरी कुस्करून खाणारा. आले तेव्हा धडधाकट होते. पुढच्या दोन महिन्यांत शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. जेवायला वेळेवर बसायचे, दोन घास दहीभात, अर्धी पोळी दुधात बुडवून, की ताट पुढे सारलं. "पोट भरलं गं." चहा-बिस्किटं मात्र चारदा. मी म्हणायची, बिस्किटांवर का माणूस जगतो?

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं चांगलं. "मनाला लागलंय त्यांच्या," ते म्हणाले. "पण वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करावं लागेल, आणि या वयात एकदा माणूस आडवा झाला की परत उभा राहणं कठीण. त्यांच्या खाण्याकडे बघा." हे बोलताना बघितलं कुणाकडे? माझ्याकडे. त्यांचा सख्खा मुलगा शेजारीच पायावर पाय टाकून बसला होता. पण खाण्याचं म्हटलं की सून!

त्यानंतरच्या शनिवारी लेकीची एक मैत्रीण जेवायला आली. जैन मुलगी, म्हणून मी माझे प्रयोग गुंडाळून ठेवले आणि नुसता टोमॅटो शिजवून पसरला, वर मका, सिमला मिरची, चीज. अगदी शाळेच्या डब्यातला पिझ्झा. बाबांच्या ताटात एक तुकडा आपला ठेवायचा म्हणून ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि खाल्ला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. चौथा घेताना जरा ओशाळले. मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. बाबांना पिझ्झा आवडतो! सत्तरी उलटलेल्या माणसाला पिझ्झा! मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

झालं. आता माझ्या हातात शस्त्र आलं होतं. नुसत्या चीज-मक्याने काय होणार, अंगी लागेल असं काहीतरी वर घालायला हवं. तेही त्यांच्या तोंडात बसलेल्या चवीचं. मी ऑफिसात बसून कागदावर यादी करायची. ऑफिस घोडबंदर रोडला. परत येताना बस एका जागी पाऊण पाऊण तास उभी, तेव्हाही माझ्या डोक्यात हेच, येत्या शनिवारी बाबांच्या पिझ्झ्यावर काय?

पहिल्यांदा मटकी. साधी नाही, ते ज्या दुकानातून चाळीस वर्षं आणत होते त्याच दुकानातली. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी मी कल्याणच्या बाजारात गेलेले, ऊन डोक्यावर घेऊन. मोड काढले, घट्ट उसळ केली, पिझ्झ्यावर पसरली, वरून चीज, ओव्हनमधून काढल्यावर कोथिंबीर. लेकीनेसुद्धा नाक न मुरडता खाल्लं. बाबांनी मात्र तुकडा हातात घेतला, वास घेतला, बोटाने मटकी बाजूला केली, खालचा सॉस बघितला आणि पिझ्झ्याची कड तेवढी मोडून खाल्ली. "पोट भरलं गं."

पुढच्या शनिवारी वांग्याचं भरीत. गॅसवर भाजून, शेंगदाण्याचं कूट घालून. पुन्हा कडा खाल्ल्या, मधलं सगळं ताटात. त्याच्या पुढच्या शनिवारी मेथी. पुन्हा तेच. मी म्हटलं सॉस कमी पडत असेल, कोरडं लागत असेल. म्हणून सॉस वाढवला. माझा सॉस म्हणजे काय, कांदा अर्धा तास मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतायचा आणि मग टोमॅटो. सोसायटीतल्या बायका कृती मागतात. तो मी दुप्पट घातला, आणि बाबांनी त्या दिवशी कडासुद्धा सोडल्या.

एव्हाना माझं डोकं फिरायला लागलं होतं. आठवडाभर राबायचं, रविवारी सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून डबा भरून ठेवायचा म्हणजे रोजची आमटी-भाजी उरकते, त्यावर हे शनिवारचं लग्नघर. आणि समोरचा माणूस बोटाने चिवडून बघणार, कुणी विष कालवलंय का असं. वजनकाट्यावर त्यांना उभं केलं की काटा आणखी खाली. डॉक्टरांनी तारीखच दिली होती, पुढच्या सोमवारी या, तोवर वाढलं नाही तर ॲडमिट.

मग मी झुणका केला. शेवटचा उपाय. देशावरच्या माणसाला झुणका नको असेल तर काय हवं असेल? चांगला कोरडा, मोकळा, लसणाच्या फोडणीचा, भरपूर कांदा घातलेला. पिठातही थोडं ज्वारीचं पीठ मिसळलं, म्हणजे भाकरीची आठवण येईल. वर ठेचा आणि चीज. इतका देखणा पिझ्झा मी आजवर केला नव्हता. लेकीने फोटो काढला.

बाबांनी तुकडा घेतला. वास घेतला. बोट घातलं. झुणका एका बाजूला, चीज एका बाजूला. आणि ताट पुढे.

"पोट भरलं गं."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "बाबा," मी म्हटलं, "पोट कशाने भरलं? वासाने? माझ्या हातचं तुम्हाला नकोच असेल तर तसं सरळ सांगा. मी बाई लावते स्वयंपाकाला. महिनाभर मी वेड्यासारखी काय काय करतेय आणि तुम्ही आपले चिवडताय. उद्या तुम्हाला सलाइन लावलं की लोक काय म्हणतील? सुनेने उपाशी ठेवलं!"

लेक खाली मान घालून बसली. बाबा उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला माझ्याच तोंडाची लाज वाटत होती, पण राग काही उतरत नव्हता.

नवऱ्याने चौथा तुकडा उचलला आणि खाता खाता म्हणाला, "अगं, त्यांनी कांदा सोडलाय ना."

"काय?"

"कांदा. आईला आवडायचा ना, जेवताना हाताने फोडून. दहाव्याला घाटावर कावळा शिवेचना. मी म्हटलं बाबांना सांभाळू, मामा म्हणाले सगळं नीट करू. कावळा ढिम्म. शेवटी बाबा पुढे झाले, म्हणाले, तुझ्या आवडीचा कांदा मी वर्षभर तोंडात घालणार नाही. आणि शिवला की लगेच."

घाटावर पुरुषमंडळी गेली होती. मी घरी चुलीशी. मला कुठून कळणार?

"हे तू आत्ता सांगतोस? चार महिन्यांनी?"

"मला वाटलं तुला माहितीये."

"मला माहीत असतं तर मी आमटीत, भाजीत, सगळीकडे वाटण घातलं असतं? तुझ्या डोळ्यांदेखत किलो किलो कांदा चिरतेय मी!"

"पिझ्झ्यात काय कळतो एवढा," तो म्हणाला. देवा! ताट फेकून मारावंसं वाटलं मला. कांद्याच्या घरात तो म्हातारा माणूस तीन महिने दहीभात आणि बिस्किटांवर राहिला होता, आणि मुलगा झुणक्याचा तुकडा चघळत मला हे सांगत होता. मी ताट तिथेच टाकून उठले.

गॅलरीत गेले. बाबा कठड्याला धरून उभे होते. मी माफी मागायला गेलेले, पण तोंड उघडल्यावर निघालं भलतंच.

"बाबा, एका शब्दाने सांगायचं ना. बिनकांद्याचं करायला मला काय जड होतं?"

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "कल्याणला एकत्र होतो ती दहा वर्षं तुझी सासू रोज तुला सांगतच होती. मीठ जास्त झालं, फोडणी करपली, आमच्यात असं करत नाहीत. मी तिथेच जेवत बसलेलो असायचो. म्हटलं, आता ती गेली. आता तरी हिच्या स्वयंपाकात कुणी खोट काढू नये."

मला वाटलं होतं त्यांना तेव्हा काही ऐकूच येत नसायचं. दहा वर्षं मी वाट बघितली होती की हा माणूस एकदा तरी म्हणेल, अगं, असू दे, चांगली झालीय भाजी.

"तेव्हाही तुम्ही गप्प बसलात," मी म्हटलं, "आणि आताही गप्पच. मी ओळखायचं कसं, बाबा?" माझा आवाज चढला होता, खालच्या मजल्यावर गेला असेल, जाऊ दे.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "दोन्ही वेळेला चुकलं."

राग होताच. कुणावर आणि किती, ते मात्र कळेना. मी आत जायला वळले तेव्हा मागून हाक आली.

"पीठ उरलंय का गं थोडं?"

"आहे. का?"

"नुसतं टोमॅटो लावून देतेस का काहीतरी? फार भूक लागलीय."