चौथऱ्यावरचे गेरूचे नाव

महादेव हवालदार गेल्याची बातमी मला स्मारक समितीच्या कचेरीतच कळली. त्याला आता तीन आठवडे झाले. शोकठराव लिहायला बसलो आणि 'शिस्तप्रिय' या शब्दावर पेन अडले... कारण समितीला त्यांच्याइतके कुणीच छळले नव्हते. मी समितीचा कारकून, त्यांच्याच गावचा. आणि सगळे सुरू झाले ते माझ्या चुकीने.

राज्यातल्या सैनिकांच्या सन्मानार्थ रत्नागिरीत जवानाचा पुतळा उभारायचे ठरले, तेव्हा चौथऱ्यावर कोरायची जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची यादी मी केली. भरतीचा पत्ता बघायचा, जिल्ह्यातला असेल तर नाव घ्यायचे. हवालदारांचा बालमित्र गंगाराम मुंबईला गिरणीत होता, तिथूनच फौजेत गेला आणि लढाईत हवालदारांच्या शेजारी पडला. पत्ता परळच्या चाळीतला, म्हणून मी काट मारली. हवालदार कचेरीत आले, उभ्यानेच म्हणाले, "पोटासाठी मुंबयला जाताव, म्हनून आमी मुंबयचे झालाव काय?" मी चूक कबूल केली. पण अध्यक्ष म्हणाले, दगड कोरून झाला, आता बदल नाही.

अनावरणाची भाषणे संपली आणि हवालदार पदके लावून पुढे झाले. आता सलामी देतील असे सर्वांना वाटले. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि ग्रामदेवतेपुढे घालतात तसे खणखणीत गाऱ्हाणे घातले. "बा म्हाराजा, तुज्या दगडावर गंगारामाचा नाव नाय. ता लागस्तवर आमी गप बसनार नाय." गिरणी संपात काम सुटून गावी परतलेले कितीतरी जण गर्दीत होते. गाऱ्हाण्याला साथ न देणे आमच्या माणसाला जमतच नाही. "व्हय म्हाराजा!" सारे गरजले... अध्यक्षांचेही ओठ हलले, मी पाहिले. मी मात्र नोकरीला भिऊन गप्प राहिलो.

नाव लागले नाहीच. मग दर पंधरवड्याला हवालदार एसटीने येत आणि करवंटीत कालवलेल्या गेरूने चौथऱ्यावर गंगारामचे नाव लिहीत. समितीचा माणूस ते पुसे, हवालदार पुन्हा लिहीत. मला त्यांचा अभिमान वाटे आणि स्वतःची लाज.

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी कोनाड्यातली करवंटी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आता तुमी लिवा, भाऊजी. तुमीच खोडलात ना?"

शोकठराव अजून कोराच आहे. काल भर दुपारी मी जवानाच्या पायाशी बसून बोटाने गंगारामचे नाव लिहीत होतो, तेवढ्यात अध्यक्षांची गाडी थांबली. हे काय चालवलेय, असे त्यांनी विचारले.

"यादी दुरुस्त करतोय," मी म्हटले आणि पुढचे अक्षर काढले.